डालगं आणि ठिपका

इंग्रजीची मॅडम म्हणून माझी तीस वर्षं गेली, तरी इंग्रजीतल्या शब्दयोगी अव्ययांचा मला आजही राग येतो. आपल्याकडं सगळं कसं रीतसर आहे. आधी टेबल, मग वर. आधी घर, मग आत. इंग्रजीत मात्र वस्तू यायच्या आधीच तिची जागा धरलेली असते, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून धरतात तशी. बरं, तेही चालवून घेऊ. पण कुठला रुमाल कुणासाठी टाकायचा, याला काही धरबंध असावा की नाही? सकाळ असली की इन, सोमवार असला की ऑन, पाच वाजले की ॲट. कारमध्ये बसलं की इन आणि बसमध्ये बसलं की ऑन. का, तर तसंच असतं.

"तसंच असतं" हे उत्तर मी विद्यार्थिनी असताना इतक्या वेळा ऐकलं की पुढं प्रश्न विचारणंच सोडून दिलं. अर्धापूरजवळच्या आमच्या गावात सर पाढ्यासारखी यादी म्हणून घ्यायचे. केळीच्या बागेत पाणी सोडताना मी ती यादी सरळ म्हणायचे, मग उलटी म्हणायचे. पाठ होतीच. पण स्वतःच्या मनानं एक वाक्य लिही म्हटलं की पान कोरंच राहायचं. बी.ए. झाले, बी.एड. झाले, तरी आपल्याला हे येत नाही, फक्त पाठ आहे, हे मला पक्कं माहीत होतं. ते कुणाला कळू नये म्हणून मी वर्गात फार चिडत असे. माझ्या रागाचं खरं मूळ तेच होतं, हे कबूल करायला मला पन्नाशी गाठावी लागली.

पहिली नोकरी किनवटकडं, जंगलातल्या एका मुलींच्या निवासी शाळेत लागली. तिथं माझी पाठांतराची विद्या चार दिवसांत संपली. मुलींच्या घरी कुणी गोंडी बोलायचं, कुणी लमाणी. मराठी हीच त्यांची दुसरी भाषा. 'वर म्हणजे ऑन' असं सांगितलं की त्या आधी मराठीतलं वर शोधायच्या, मग माझ्या तोंडाकडं बघायच्या. एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागं स्वयंपाकाच्या मावशी बांबूच्या मोठ्या डालग्याखाली कोंबड्या झाकत होत्या. एक कोंबडी पालथ्या डालग्यावर चढून बसलेली, दोन खाली, आणि एक शेजारच्या सुलट्या टोपल्यात मजेत बसलेली. मुली हसत होत्या. मी मात्र तिथंच उभी राहिले. एक यादी पाठ करायला मला दोन वर्षं लागली होती आणि तिचं सगळं मर्म त्या चार कोंबड्यांनी समोर मांडून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर डालगं काढलं आणि कोंबडीच्या जागी एक ठिपका. ठिपका आत, ठिपका वर, ठिपका पालथ्या डालग्याखाली. ॲटसाठी भिंतीतली खुंटी काढली आणि तिच्या टोकाशी ठिपका. मग वेळही त्यातच बसवली. सकाळ म्हणजे मोठं डालगं, त्यात खूप कामं मावतात, म्हणून इन. वार म्हणजे फळी, तिच्यावर काम ठेवायचं, म्हणून ऑन. पाच वाजता ही खुंटी, नेमकी तेवढीच जागा. मराठी मध्ये आणायचीच नाही. आधी समासात चित्र, मग शब्द. हा नियम मी फार कडक केला. समासात डालगं दिसलं नाही की वही खिडकीबाहेर जायची. अक्षरशः जायची, मुली पावसात भिजलेल्या वह्या चुलीजवळ वाळवत बसायच्या. त्याची आता लाज वाटते.

पण त्यांना येऊ लागलं. आणि त्यांना शिकवता शिकवता मलाही येऊ लागलं. कारमध्ये वाकून शिरावं लागतं म्हणून इन, बसमध्ये उभं राहून चालता येतं म्हणून ऑन, असं मी सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं की मग जीपला काय म्हणायचं. आमच्याकडच्या जीपमध्ये जितकी माणसं आत तितकीच टपावर. मी म्हणाले, तू कुठं बसतेस त्यावर आहे. दुसऱ्या बाकावर एक हडकुळी मुलगी बसायची. रात्रीला इन का नाही, ॲट का, ती पण एवढी मोठी असते की, असं तिनं विचारलं. माझा पारा चढतोय हे बघून तिनंच उत्तर दिलं, "मॅडम, रात्री आपण झोपलेले असतो. आतलं काय दिसत न्हाई. म्हणून ती खुंटीएवढीच वाटत असंल." हे कुठल्या पुस्तकात नाही, आणि बरोबर आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी वर्गात पहिल्यांदा हसले.

सहा वर्षांनी मी नांदेडला एका संस्थेच्या शाळेत आले. शहरातल्या पालकांना डालगं बघून कमीपणा वाटायचा; त्यांना छापील यादी हवी असे. मीही हळूहळू याद्या देऊ लागले. किनवट मागं पडलं.

त्याच संस्थेचं लातूरला अकरावी-बारावीचं मुलींचं वसतिगृह आहे. दहावीनंतर संस्था एक परीक्षा घेते, इंग्रजी आणि गणिताची. कुठल्याही शाळेच्या मुली बसू शकतात. निवड झाली की दोन वर्षं राहणं, जेवण, शिकवणी, सगळं मोफत. ज्या घरात दहावीनंतर पुढं काय हा प्रश्न विचारायचीही पद्धत नाही, तिथल्या मुलीला ही एक जागा म्हणजे केवढी गोष्ट, ते मी वेगळं सांगायला नको. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात इंग्रजीचे पेपर तपासायला मला लातूरला बोलावलं.

वसतिगृहाच्या खालच्या हॉलमध्ये आम्ही बाराजण दोन रांगांत बसलो होतो. परीक्षाप्रमुख सर वयस्क, हळू बोलणारे, सरळ माणूस. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं की उत्तरपत्रिकेवर कुठलीही खूण दिसली, देवाचं नाव, चांदणी, रेघ, काहीही, तर ती वेगळ्या गठ्ठ्यात टाकायची. आदल्या वर्षी एका पालकानं तपासनिसाशी संधान बांधून मुलीला खूण करायला लावली होती. ते उघडकीला आलं आणि संस्थेची फार शोभा झाली होती.

अकराच्या चहानंतर माझ्या शेजारचे तरुण सर, उदगीरकडचे, हसत म्हणाले, "मॅडम, ही गंमत बघा." त्यांनी उत्तरपत्रिका माझ्याकडं सरकवली. गाळलेल्या जागा भरायचा प्रश्न होता आणि समासात प्रत्येक ओळीसमोर एक छोटंसं डालगं आणि ठिपका. त्यांनी दुसरी दाखवली. त्यातही तेच. तिसरीत खुंटीसुद्धा होती. एकीनं तर ठिपक्याला चोच काढली होती. प्रमुख सरांनी बजावलेला वेगळा गठ्ठा मला आठवला. आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी आनंदही झाला, वीस वर्षांनी आपलं हरवलेलं माणूस बाजारात समोर यावं तसा. मी उत्तरांवरून नजर फिरवली. दहापैकी नऊ बरोबर.

तेव्हाच मी म्हणाले असते की अहो, ही माझी पद्धत आहे, तर ती गंमतच राहिली असती. पण मी म्हणाले, "हं." आणि ते सर गठ्ठा घेऊन उठले.

प्रमुख सरांनी गठ्ठा चाळला. तेवीस उत्तरपत्रिका, किनवटकडच्या एकाच केंद्राच्या, एकच खूण. त्यांनी पंखे बंद करायला लावले, बहुधा कागद उडू नयेत म्हणून. ते म्हणाले, "तेवीस मुली एकच खूण करतात म्हणजे ती कुणीतरी शिकवलेली आहे. आणि ओळखणारा इथंच कुणीतरी बसलेला आहे."

दोन्ही वाक्यं खरी होती. मग त्यांनी विचारलं की नांदेडकडचे तपासनीस कोण कोण. तीन हात वर गेले, त्यात माझा अर्धा. ही खूण कुणाला माहीत आहे का, असंही त्यांनी सरळ विचारलं. मी काही चोरी केली नव्हती. किनवटशी माझा वीस वर्षांत एका फोनचाही संबंध नव्हता. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते चोरी न करताही पडतं. मी हो म्हटलं असतं तर ज्याच्यासाठी खूण केली तो माणूस मीच ठरले असते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. उपमुख्याध्यापक पदासाठी माझं नाव पुढं गेलेलं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात एका घोटाएवढ्या वेळात येऊन गेलं, आणि मी गप्प बसले.

एक कागद तयार झाला. सदर खूण आमच्यापैकी कोणाच्याही परिचयाची नाही, असं त्यावर लिहिलं होतं. खाली बारा सह्या. माझी सातवी. अक्षर चांगलं आहे माझं. ती सहीही नेहमीसारखीच आली.

गणिताच्या पेपरात मुलींनी समासात बेरजा केल्या होत्या. त्या कुणाला खुणा वाटल्या नाहीत. बेरीज केली की ते कच्चं काम, आणि चित्र काढलं की लबाडी. नांदेडला परत येताना बसमध्ये हा एकच विचार मी घोळवत बसले, कारण त्यात दोष माझ्याकडं येत नव्हता.

घरी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, आता आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नको, संस्थेवाले काय ते बघून घेतील. मला हवं होतं तेच ते बोलले, म्हणून मी त्यांच्यावर चिडले. पुढचे आठ दिवस मी भांडी घासताना, भाजी निवडताना, दारात उभी असताना मनात प्रमुख सरांना समजावून सांगत होते. मनातल्या मनात मी फार छान बोलत होते.

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मॅडम, वळखलं का? मी किनवटची. दुसऱ्या बाकावरची."

आवाज ओळखला. रात्रीची खुंटी सांगणारी ती हडकुळी मुलगी आता त्याच बाजूला एका वसतिगृहाच्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. तिनं सगळं सांगितलं. तेवीसच्या तेवीस मुलींचे पेपर बाद झाल्याचं पत्र येऊन सहा दिवस झाले होते. ती स्वतः लातूरला जाऊन आली होती. तिला कुणी आत घेतलं नाही, उलट खूण कुणासाठी होती हे विचारलं. मग तिनं चार ठिकाणी विचारून माझा नंबर मिळवला होता. ही शिकवण्याची रीत आहे, असं मी दोन ओळी लिहून द्यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. ती म्हणाली, मुलींना तिनंच सांगितलं होतं की चित्र काढल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. परीक्षेतसुद्धा नाही.

"मी तुमच्यावानीच कडक हाय, मॅडम," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "तिथं तपासायला तुम्ही असत्या तर हे झालंच नसतं."

मी बघते म्हणाले. फोन ठेवला. तेव्हाही सांगितलं नाही.

पुढचे दोन दिवस कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. अकराव्या दिवशी सकाळच्या गाडीनं लातूरला गेले. प्रमुख सर मला बघून उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी एका दमात सांगितलं. किनवट, कोंबड्या, वह्या फेकणं, सगळं. फळ्यावर काढून दाखवायला खडूही मागितला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. मग त्यांनी तो बारा सह्यांचा कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"त्या दिवशी का बोलला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"घाबरले," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, तुमच्या सहीनं पेपर बाद झाले, आता तुमच्या सांगण्यावरून परत धरले तर बाकीच्या पालकांना मी काय सांगू. शेवटी म्हणाले की फेरपरीक्षा घेऊ, रविवारी, त्या तेवीस मुलींचीच. चित्रं काढायची असतील तर शेवटच्या पानावर काढा म्हणावं, तिथं मनाई नाही. मधे चार दिवस होते. निवडयादी लावायची असल्यानं त्यापेक्षा जास्त देता येणार नव्हते. मला त्यांनी परीक्षेच्या कामातून त्याच दिवशी मोकळं केलं. उपमुख्याध्यापक दुसऱ्याच बाई झाल्या, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बसस्थानकावरून तिला फोन लावला. आधी फेरपरीक्षेचं सांगितलं. ती भरभरून बोलू लागली, तुमच्यामुळं झालं, तुमच्यामुळं झालं. तिला थांबवून मी म्हणाले, मी त्या हॉलमध्येच होते. मला खूण ओळखू आली होती आणि माहीत नाही म्हणून मी सही केली.

"बरं," ती म्हणाली. "टाइम किती वाजताचा हाय तेवढं सांगा, मॅडम. मुली गोळा करायला लागतील. सुट्टीत सगळ्या आपापल्या गावाला गेल्या."

त्या गावांना मी गेलेली आहे. काही ठिकाणी फोन लागायला टेकडीवर चढावं लागतं. काही घरं अशी की उन्हाळ्यात दाराला काटेरी फांद्यांची फास लावून सगळे हैदराबादकडं कामाला जातात. चार दिवस ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून गावं पालथी घालत होती, हे मला नंतर कळलं. मला ती रोज फक्त एक आकडा पाठवायची. सात. अकरा. तेरा.

रविवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले. किनवटहून पहाटेच्या गाडीनं नांदेड, तिथून बसनं लातूर, असं करत त्या साडेबाराला पोचल्या. चौदा मुली. गणवेश घालूनच आल्या होत्या, सुट्टीत असूनही. तिला मी वीस वर्षांनी बघत होते. केस पांढरे व्हायला लागले होते, चष्मा लागला होता. ती सरळ माझ्याजवळ आली आणि वाकून पाया पडली. मला मागं सरकायचं होतं, जमलं नाही. मुलींनाही तिनं सांगितलं, ह्या माझ्या मॅडम. बाकी काही सांगितलं नाही. माझ्यासाठी आणलेला चहा तिनं मला दिला आणि स्वतः मुलींकडं गेली. पेपर सुरू असताना दोन तास आम्ही अंगणात एकाच बाकावर बसलो होतो. तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. पूर्वी तिचे प्रश्न संपत नसत.

पेपर सुटला. मुली हसत बाहेर आल्या, म्हणजे सोपा गेला असावा. त्यांची मॅडम बसचं बघायला फाटकाकडं गेली. चष्मा आणि पर्स बघून मी तिथली कुणीतरी मोठी असेन असं वाटलं असावं, एक मुलगी माझ्यापाशी आली. दोन वेण्या, हातावर शाईचा डाग.

"मॅडम, एक कोरा पेपर मिळंल का?"

मी विचारलं, कशाला?

"माझ्या मैत्रिणीला येता आलं न्हाई. तिचं लगीन होऊन आठ दिवस झाले. मी तिच्या सासरी नेऊन देते, ती लिहून देईल. नकल न्हाई करणार. तिला माझ्यापेक्षा लई चांगलं येतंय."

एवढ्या लवकर लग्न कसं ठरलं, मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"पेपर बाद झाल्याचं कळलं ना," ती म्हणाली. "तिचे बाबा म्हणले, आता कशाला थांबायचं."

मी बोटांवर दिवस मोजले. त्या दिवशी मी घरी भाजी निवडत बसले होते. सरांशी मनातल्या मनात बोलत होते.

मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती. मी तिला म्हणाले, "तसं चालत नाही बाळा. नियम आहे."

"हाव," ती म्हणाली, आणि बाकीच्या मुलींच्या मागं रांगेत जाऊन उभी राहिली.